पुन्हा कधी विचारणार, तेवढं लिहून ठेवा

डंडी, १८ सप्टेंबर २०२४

प्रति,
स्कॉटिश संसदेचे सर्व १२९ सदस्य,
होलीरूड, एडिनबरा

सन्माननीय सदस्यहो,

दहा वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, सकाळी सात वाजता, मी डंडीच्या लॉखी भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये रांगेत उभी होते. सोबत माझा मुलगा होता, शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर. त्याला सोळा पूर्ण होऊन चारच महिने झाले होते. आधी मत, मग शाळा, हे त्याने आदल्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. टेबलावर दोरीने बांधलेली पेन्सिल, मतपत्रिकेवर इंग्रजीत सहा शब्दांचा प्रश्न: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? खाली दोन चौकटी. त्याने ‘येस’पुढे फुली मारली, मी ‘नो’पुढे. बाहेर आल्यावर त्याने विचारलं आणि मी खरं सांगितलं. तो काही बोलला नाही. फाटकापाशी दप्तराचा पट्टा ओढून घट्ट केला आणि शाळेकडे चालू लागला. दप्तरावर ‘येस’चा निळा बिल्ला होता, तो वळणापर्यंत मला दिसत राहिला.

मी मूळची गोव्यातल्या डिचोलीची. घरात कोकणी, शाळेत मराठी, अशी वाढलेली. २००५ पासून डंडीत फार्मासिस्ट आहे. २०१४ मध्ये घरातल्या आम्हा तिघांकडेही भारताचाच पासपोर्ट होता, तरी कॉमनवेल्थचे नागरिक आणि इथले कायदेशीर रहिवासी म्हणून आम्हाला मत मिळालं. ज्या देशात मी स्वतःला पाहुणी समजत होते, त्या देशाने आपल्या भवितव्याचा प्रश्न मलाही विचारला, हे मी विसरू शकत नाही. त्याच हक्काने हे पत्र लिहिते आहे. इंग्रजी प्रत तुमच्याकडे येईलच. मराठीत लिहिलं, कारण अॅबरडीनपासून ग्लासगोपर्यंतच्या मराठी घरांतही हा वाद झाला आहे, अजून होतो आहे, आणि जिव्हाळ्याचं बोलायचं झालं की माझ्या तोंडी हीच भाषा येते.

निकाल तुम्हाला पाठ आहे. ५५.३ टक्के ‘नो’, ४४.७ टक्के ‘येस’, मतदान ८४.६ टक्के. बत्तीसपैकी चारच स्थानिक परिषदांच्या हद्दीत ‘येस’ पुढे राहिलं, त्यात आमची डंडी सगळ्यांच्या वर, ५७.३ टक्के. म्हणजे मी देशाबरोबर जिंकले आणि गावात हरले. माझ्या मुलाचं नेमकं उलट झालं.

आज दहा वर्षांनी हा विषय माझ्या काउंटरवर कसा येतो, ते आधी सांगते. तुम्ही मतचाचण्या वाचता, मी माणसं बघते.

लॉखीच्या एका गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन बाया आमच्याकडे औषधं न्यायला येतात. दोघींनी सत्तरी ओलांडली आहे. दोघींच्या आया ज्यूटच्या गिरणीत एकाच पाळीला होत्या. हे सगळं शहरच बंगालच्या तागावर उभं राहिलं, आणि आमच्या दुकानाच्या वर आभाळात ज्यूट गिरणीचं ते जुनं धुराडं, कॉक्स स्टॅक, अजून उभं आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात एकीच्या खिडकीत ‘येस’ लागलं, दुसरीच्या खिडकीत ‘नो थँक्स’. पेन्शनवरून बोलणं झालं, त्यात कोणी कोणाला स्वार्थी म्हटलं ते दोघी वेगवेगळं सांगतात. तेव्हापासून एक सकाळी येते, दुसरी दुपारी तीननंतर. दोघींच्या गोळ्यांचे आठवड्याचे डबे मी एकाच वेळी भरते, ते एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवते, आणि दोघी ते वेगवेगळ्या वेळी घेऊन जातात. माझ्यासमोर एकदाच ‘नो’वाली म्हणाली, “ते पुन्हा आलं ना, तर मी दारच उघडणार नाही.” आणि ‘येस’वाली म्हणते, “मरायच्या आधी एकदा तरी येऊ दे.”

मला या दोन वाक्यांमध्ये उभं राहावं लागतं. तुम्हालाही राहावं लागतं, पण तुम्ही बहुतेक एकाच बाजूला तोंड करून उभे असता.

या दोघींच्या मागे आणखी किती तऱ्हा आहेत! ‘येस’ म्हणालेले पण आता थकलेले लोक आहेत. स्वातंत्र्य हवंच, पण आधी डॉक्टरची वेळ मिळू दे म्हणणारे. ‘नो’ म्हणालेले आणि २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर पश्चात्ताप करणारे आहेत. त्यांना सांगितलं गेलं होतं की युरोपात राहायचं तर ‘नो’ म्हणा. दोन वर्षांत स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपात राहायचं म्हटलं आणि तरी युरोप गेला. मी त्यांच्यातली एक आहे, हे इथेच कबूल करते. उलट, तेव्हा ‘येस’ म्हणालेले काही जण म्हणतात, युरोपमधून बाहेर पडताना जे हाल झाले ते बघून तीनशे वर्षांचा संसार मोडायची हिंमत होत नाही. आमच्या दुकानातली तंत्रज्ञ मुलगी २०१४ मध्ये दहा वर्षांची होती. ती म्हणते, मला कधी विचारलंच नाही. खरं आहे. आणि माझा मुलगा आज लीड्सला नोकरी करतो. मतदानाचा हक्क राहण्याच्या जागेवर असतो, त्यामुळे उद्या सार्वमत झालं तर त्याला मत नाही, मला आहे. त्याला हे लागतं. तो बोलून दाखवत नाही, पण सप्टेंबर आला की त्याचा फोन नेहमीपेक्षा लांबतो.

जुलैच्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत एसएनपी, म्हणजे स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टी, ४८ जागांवरून ९ वर आली. लगेच अनेकांनी जाहीर करून टाकलं की विषय संपला. पण पक्षाची मतं घसरली तितका स्वातंत्र्याचा पाठिंबा घसरलेला नाही. तो वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपास घुटमळतो, कधी दोन पावलं अलीकडे, कधी दोन पावलं पलीकडे. २०२० मध्ये तर काही महिने तो सलग निम्म्याच्या वर होता. निम्मा देश एकीकडे आणि निम्मा दुसरीकडे असताना विषय संपला म्हणणं हे दुसऱ्या निम्म्याचं तोंड दाबणं आहे. आणि निम्म्याच बळावर उद्याच मतदान घ्या म्हणणं, हे पहिल्या निम्म्याला फरफटत नेणं आहे.

आता माझ्या गावाकडची एक गोष्ट. ती इथे लागू पडते असं मला मनापासून वाटतं.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. प्रश्न होता: गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. आमच्या डिचोलीत फुलाचा जोर होता. माझे आजोबा फुलाचे. त्यांचे धाकटे भाऊ मडगावला पेढीवर कामाला होते, ते दोन पानांचे. घरं दोन, अंगण एक, तुळस एक. आजी सांगायची, त्या महिन्यात अंगणात दोन रस्ते पडले होते, दोघे भाऊ एकमेकांना टाळून ये-जा करायचे. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आजोबा हरले. फरक ३४,०२१ चा. म्हणजे तिथेही सुमारे पंचावन्नाला पंचेचाळीस, तुमच्यासारखंच.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी आधीच राजीनामा दिला होता. कौलात ते हरले, आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. लोकांनी म्हटलं, तुमचा प्रश्न आम्हाला मान्य नाही, पण राज्य तुम्हीच करा. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल: २०१४ ला हरलेल्या एसएनपीला २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेतल्या स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा याच लोकांनी दिल्या. त्या वर्षीच्या चवथीला गणपती नेहमीप्रमाणे मोठ्या घरात बसला, आणि माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची सजावट, बांधायला दोघे भाऊ एकाच शिडीपाशी होते. एक वर चढून नारळ, सुपारीचे घड, तोरिंगण बांधत होता, एक खालून शिडी धरून देत होता. आजोबा कौलाबद्दल मरेपर्यंत हळहळले. पण त्यांचा मान राहिला होता, म्हणून त्यांना शिडी धरता आली.

आणखी एक गोष्ट. गोवा शेवटी घटक राज्य झाला तो ३० मे १९८७ रोजी. बहुतेक गोवेकर आज ज्यावर समाधानी आहेत ते स्वतंत्र राज्य १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हतंच. तिथे फूल आणि दोन पानं एवढंच होतं. तुमच्या इथेही २०१२ मध्ये तेव्हाचे प्रथम मंत्री अॅलेक्स सामंड आणि ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्यात सार्वमताचा एडिनबरा करार झाला तेव्हा तिसरा पर्याय, म्हणजे देश एक पण जास्तीत जास्त अधिकार स्कॉटलंडकडे, मतपत्रिकेवरून वगळला गेला. आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना तीन ब्रिटिश पक्षनेत्यांनी सह्या करून एका दैनिकाच्या पहिल्या पानावर जास्त अधिकारांचं वचन दिलं. म्हणजे जे छापलेलं नव्हतं त्याच्या आशेवर किती जणांनी ‘नो’वर फुली मारली असेल! मी त्यांतलीही एक. त्यातून २०१६ चा स्कॉटलंड कायदा आला, प्राप्तिकराचे दर तुमच्या हाती आले. तो पुरेसा होता की नाही, हे आम्हाला कोणी कधी विचारलं नाही.

गोव्याचं सगळंच इथे जुळत नाही, हे मला कळतं. गोव्यात पुन्हा कौल घ्या असं फार काळ कोणी म्हणत राहिलं नाही, कारण खालची जमीन तीच राहिली. इथली जमीन हलली. युरोपातून बाहेर पडणं हा लहान बदल नव्हता, आणि एकदा दिलेलं मत जन्मभर बांधून ठेवतं असं लोकशाहीत कोणी म्हणू शकत नाही. पण मग कधी विचारायचं, कोणी विचारायचं? इथेच तुम्ही सगळ्यांनी, दोन्ही बाजूंनी, आम्हाला दहा वर्षं टांगून ठेवलं आहे.

‘एका पिढीत एकदाच’ हे शब्द २०१४ मध्ये स्वातंत्र्यवाद्यांनीच वापरले. विरोधक आज ते ढालीसारखे पुढे धरतात. पण एडिनबरा करारात पुढचं सार्वमत कधी, यावर एक ओळही नाही. पिढी म्हणजे किती वर्षं, हे कुठेच लिहिलेलं नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, संमतीशिवाय होलीरूडची संसद सार्वमताचा कायदा करू शकत नाही. कायदा कळला. पण ही संमती कधी मिळू शकते, कुठला कौल पुरेसा मानायचा, हे लंडनने सांगितलं नाही आणि तुम्हीही एकत्र बसून मागितलं नाही. एका बाजूने प्रत्येक निवडणूक म्हणजे जनादेश, दुसऱ्या बाजूने कुठलीच निवडणूक जनादेश नाही. २०२१ मध्ये या सभागृहात सार्वमत हवं म्हणणारे ७२ जण निवडून आले, १२९ पैकी. ते पुरेसं नव्हतं, तर मग किती हवे होते? हा प्रश्न मी ‘नो’ म्हणालेली बाई विचारते आहे, हे लक्षात घ्या.

याच देशाच्या कायद्यात उत्तर आयर्लंडसाठी हे लिहून ठेवलेलं आहे. गुड फ्रायडे करारानंतरच्या १९९८ च्या कायद्यात म्हटलं आहे की बहुसंख्य लोक एकीकृत आयर्लंडच्या बाजूने मत देतील अशी शक्यता दिसली, तर मंत्र्याने मतदान घेतलंच पाहिजे, आणि एकदा घेतल्यावर सात वर्षं पुन्हा घ्यायचं नाही. त्यातही ती ‘शक्यता’ कशी मोजायची यावरून वाद आहेत. तरी काही तरी लिहिलेलं आहे, लोकांना धरायला कठडा आहे. बेलफास्टला जे मिळालं ते डंडीला का नको?

कॅनडातल्या क्वेबेकचं उदाहरण ‘नो’वाले भीती घालायला देतात: वेगळं होण्याचं सार्वमत १९८० मध्ये एकदा, १९९५ मध्ये पुन्हा, आणि दुसऱ्या वेळी देश एका टक्क्याच्या आसपासच्या फरकाने फुटता फुटता राहिला. त्यानंतर २००० मध्ये कॅनडाच्या संसदेने प्रश्न स्पष्ट हवा, बहुमत स्पष्ट हवं, असा कायदा केला. मला त्यात एकच खटकतं: तो हरता हरता वाचलेल्यांनी, नंतर आणि एकतर्फी केला. तुम्ही तो आधी आणि दोन्ही बाजूंनी मिळून करू शकता.

कारण तुम्ही हे पूर्वी केलेलं आहे. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या स्वतःच्या विधानसभेसाठी, म्हणजे तुम्ही आज जिथे बसता त्या संसदेच्या पहिल्या कल्पनेसाठी, सार्वमत झालं. ५१.६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, पण एकूण मतदारांच्या ४० टक्के मतं हवीत अशी अट घातलेली होती, म्हणून ते पडलं. त्या अटीची चीड आमच्याकडे येणारे म्हातारे अजून बोलून दाखवतात. जिंकून हरल्याची चीड ती. पुढे १९८९ मध्ये संविधान परिषद बसली. मजूर पक्ष, लिबरल डेमोक्रॅट, चर्चेस, कामगार संघटना, स्थानिक परिषदा एका टेबलाशी आल्या आणि काय हवं ते सहा वर्षं खपून कागदावर उतरवलं. एसएनपी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह तेव्हा बाहेर राहिले, ती त्या परिषदेची उणीव. तरी ११ सप्टेंबर १९९७ ला तोच विषय पुन्हा लोकांपुढे आला, तेव्हा ७४.३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. अठरा वर्षांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि एकही घर त्यावरून तुटलं नाही, कारण विचारण्याआधीच बोलणी झाली होती.

तसं बसा. माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या निवडणुकीची वाट न बघता, सगळ्या पक्षांनी. पुन्हा सार्वमत कुठल्या परिस्थितीत घ्यायचं, दोन सार्वमतांमध्ये किती वर्षांचं अंतर, पाठिंबा किती काळ आणि किती टिकलेला हवा, मतपत्रिकेवर तिसरा पर्याय असावा का, हरणाऱ्या बाजूला दुसऱ्या दिवसापासून काय हमी, चलनाचं आणि पेन्शनचं काय, हे मतदानाची तारीख ठरायच्या आधी लिहून काढा. त्यावर तुमच्या सगळ्यांच्या सह्या असोत, आणि तो कागद घेऊन लंडनला जा. कीर स्टार्मर यांच्या सरकारला एका पक्षाचं पत्र परत पाठवता येतं; सगळ्या सभागृहाच्या कागदाला कारण द्यावं लागेल.

तुम्ही म्हणाल, आत्ता महत्त्वाचं काय आहे ते बघा. मी रोज तेच बघते. गेल्या वर्षी स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांच्या गैरवापराने १,१७२ माणसं गेली. डंडीवर हा घाव फार खोल आहे. सकाळी दुकान उघडताच मेथाडोन, म्हणजे व्यसन सुटण्यासाठीचं औषध, घ्यायला जी रांग लागते, त्यातले काही चेहरे या दहा वर्षांत एकेक करून दिसेनासे झाले. ग्लासगोला देखरेखीखाली सुई टोचून घेण्याच्या एका जागेची योजना २०१६ मध्ये मांडली गेली. अमली पदार्थांचा कायदा लंडनचा, आरोग्य एडिनबराचं, आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात सात वर्षं गेली. शेवटी गेल्या सप्टेंबरमध्ये लॉर्ड अॅडव्होकेटनी, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च सरकारी वकिलांनी, तिथे येणाऱ्यांवर अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल खटले भरणं जनहिताचं नाही असं म्हटलं, तेव्हा वाट मोकळी झाली. त्या सात वर्षांत प्रत्येक भाषणात मी हेच ऐकलं: स्वतंत्र असतो तर केलं असतं, किंवा स्वातंत्र्याचं वेड सोडलंत तर जमलं असतं. न सुटलेला प्रश्न दुसऱ्या प्रत्येक प्रश्नाच्या आड येऊन बसतो. म्हणून म्हणते, सार्वमताचा नियम ठरवणं हे त्या रांगेतल्या माणसांचंही काम आहे.

उद्या नियम ठरला आणि सार्वमत आलं, तर मी काय करीन? दहा वर्षांपूर्वी पाच मिनिटांत ठरवलं होतं. आता ठरत नाही. युरोपसाठी ‘येस’ म्हणावंसं वाटतं, लीड्सला मुलगा आहे, मध्ये सीमा येईल, म्हणून हात अडखळतो. तोच मुलगा फोनवर म्हणतो, “आई, सीमेचा विचार माझ्यासाठी नको करू.” तरी मी करणार. असं अडखळणारे लोक या देशात खूप आहेत, आणि आम्ही कुठल्याच मोर्चात दिसत नाही.

तुमच्यापैकी कोणी ऐकून घ्यायला येणार असेल तर शनिवारी दुपारी आमचं दुकान एक वाजता बंद होतं. मागच्या खोलीत चार खुर्च्या आहेत. त्या दोन शेजारणींनाही मी बोलावीन, या वेळी दोघींना एकच वेळ देऊन. दोघी येतील की नाही ते सांगू शकत नाही, पण तुम्ही येणार असाल तर विचारायला मला जोर येईल.

आपली,
लॉखी, डंडी येथील एक मतदार